कसला पाव?

माणूस ओळखणे हे फार वेळखाऊ काम आहे. पूर्वी त्यासाठी त्याच्या सोबत राहावे लागे, प्रवास करावा लागे, प्रसंगी त्याचे आजारपणही काढावे लागे. दक्षिण कोरियातल्या देगू शहरात हल्ली असल्या भानगडीत कुणी पडत नाही. साठ प्रश्नांना होय-नाही म्हणायचे, की बारा मिनिटांत चार इंग्रजी अक्षरे हातात पडतात आणि माणूस समजला असे धरून पुढच्या कामाला लागता येते. (याआधी सगळा देश हेच काम रक्तगटावर भागवत असे. पण त्यात सुई टोचून घ्यावी लागे, आणि निकाल आवडला नाही तर परीक्षा पुन्हा देता येत नसे.)

या चार अक्षरांत मान तिसऱ्याचा. तिथे टी आला तर माणूस डोक्याने चालतो, एफ आला तर काळजाने. साहजिकच प्रत्येकाला आपण स्वतः एफ असावे असे वाटते, आणि घरात एक तरी टी निघावा अशी गरज असते, नाहीतर आजवर जे झाले त्याचे खापर फोडायचे कुणावर? टी ओळखायला साठ प्रश्नही लागत नाहीत. "मन उदास होतं, म्हणून पाव घेऊन आले," एवढे समोरच्याला ऐकवायचे. तो "का गं, काय झालं?" म्हणाला तर एफ. "कसला पाव?" म्हणाला तर टी. या निकालावर अपील नाही.

प्यो इन-सुकच्या नवऱ्याने "कसला पाव?" असे विचारले होते.

इन-सुक प्रभाग कार्यालयात एकतीस वर्षे मृत्यूनोंदणीच्या खिडकीवर होती. लोक डोळे पुसत खिडकीशी येत आणि ती मान वर न करता विचारी, "किती वाजता?" अर्जात चौथा रकाना वेळेचा होता आणि दुःखाच्या भरात लोक नेमका तोच कोरा सोडत. एकतीस वर्षांत तिने एकही कोरा जाऊ दिला नाही. निवृत्त झाल्यावर तिने स्वतःची परीक्षा घेतली, तेव्हा ती एफ निघाली, चौऱ्याण्णव टक्के. (उरलेले सहा टक्के सरकारी नोकरीत झिजले असावेत, असे तिचे मत आहे.)

नवरा योम ताक-सू. जन्मभर लिफ्टची देखभाल केली, आणि बोलणेही त्याच वळणाचे: वर, खाली, दार लाव. देगूचा पुरुष दिवसाला तीनच वाक्ये बोलतो अशी बाहेरगावचे लोक थट्टा करतात. ताक-सू रविवारी दोनांवर भागवी.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी इन-सुकला घरात काही सुचेना. ती बाहेर पडली, कोपऱ्यावरच्या बेकरीतून पिशवी भरून आणली आणि ते वाक्य म्हणाली. परीक्षा घ्यायची म्हणून म्हणाली नव्हती; खरोखरच तिला रडू येत होते. ताक-सूने पिशवीकडे पाहून ते दोन शब्द उच्चारले. तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी सोलहून मुलीचा, बो-राचा फोन आला.

"आई, बाबा शुद्ध टी आहेत," बो-रा म्हणाली. "तू इतकी वर्षं काढलीस कशी गं त्यांच्याबरोबर?"

हा प्रश्न इन-सुकला लग्नाच्या चौतीस वर्षांत पडला नव्हता. आता पडला तो उठायला तयार होईना.

तिकडे अशा वेळी एक सभ्य सोय आहे. घटस्फोट घ्यायचा नाही, भांडायचे नाही. शाळा पास होऊन बाहेर पडावे तसे लग्नातून उत्तीर्ण व्हायचे आणि दोघांनी दोन ठिकाणी राहायचे. इन-सुकने पोहांगला समुद्राजवळ एक खोली पाहिली आणि रीतसर दोन पानी कागद तयार केला. भाताचा कुकर तिच्याकडे, किमचीचा फ्रीज त्याच्याकडे, सणावारी एकत्र जेवण. खाली सहीऐवजी दोघांच्या शिक्क्यांची जागा. तिने आपला शिक्का मारला आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. ताक-सूने चष्मा लावून दोन्ही पाने वाचली.

"कुठल्या तारखेपासून?"

"एक मे."

"बरं."

त्याने कागद टीव्हीखालच्या खणात ठेवला. शिक्का मारतो म्हणाला नाही, मारत नाही असेही म्हणाला नाही.

इकडे इन-सुकच्या क्लबात वेगळेच संकट उभे राहिले होते. जुन्या वळणाची रडवी गाणी म्हणणारा मा दो-हान हा तेहतीस वर्षांचा गायक. त्याच्या चाहत्या महिलांच्या क्लबाची देगू शाखा एक्केचाळीस सभासदांची, वय वर्षे चोपन्न ते एक्क्याऐंशी, गणवेश वांगी रंगाचे जाकीट. प्रतिस्पर्धी गायकाने आपली चार अक्षरे जाहीर केली होती आणि त्याच्या चाहत्या बायकांनी ती हातपंख्यांवर छापून घेतली होती. मा दो-हानने मात्र मुलाखतीत "परीक्षा द्यायला वेळच मिळाला नाही" असे सांगून एक्केचाळीस पंखे कोरे ठेवले. तेव्हा त्याच्या वतीने ती परीक्षा आपणच द्यावी असे ठरले, आणि फॉर्म भरण्याचा अनुभव पाहून इन-सुकला स्वभाव-निश्चिती समितीचे अध्यक्ष करण्यात आले.

समितीच्या बैठका माल-जा नावाच्या सभासदाच्या तोंडीलावण्यांच्या दुकानामागे होत. पहिल्याच दिवशी असे आढळले की एक्केचाळीसपैकी अडतीस जणींना मा दो-हान हुबेहूब आपल्यासारखा वाटतो, आणि उरलेल्या तिघींना तो आपल्या नवऱ्यासारखा अजिबात वाटत नाही. याला पुरावा म्हणत नाहीत, असे इन-सुकने बजावले. तिने नियम केला: प्रत्येक उत्तराला तीन पुरावे, तारखेसह. मग बायका कामाला लागल्या. त्याने सूप थंड होऊ दिले (१४ नोव्हेंबर). मंचावरून उतरताना वादकांकडे वळून पाहिले (३ फेब्रुवारी). साठ प्रश्न, एकशे ऐंशी पुरावे. यांपैकी एकोणऐंशी रडण्याचे होते.

आता नियमाचा स्वभाव असा की तो दुकानापुरता थांबत नाही. एका संध्याकाळी बसमध्ये इन-सुकच्या ध्यानात आले की ताक-सूच्या नावावर पुरावे दोनच आहेत: पाव आणि तारीख. दोन पुराव्यांवर समितीने गायकाचे आवडते फळसुद्धा मान्य केले नव्हते. ती तर नवऱ्याला चौतीस वर्षांतून उत्तीर्ण करायला निघाली होती. एक मे अठरा दिवसांवर होता. तिसरा पुरावा मिळवणे भाग होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या कार्यक्रमात मा दो-हान येणार म्हणून समिती माल-जाच्या टीव्हीपुढे जाकिटे घालून बसली. गप्पांच्या ओघात निवेदिका एकदम म्हणाली, "काल मन उदास होतं, म्हणून मी पाव घेऊन आले."

मा दो-हानने मान जरा कलती केली. "कसला पाव?"

माल-जाने छातीवर हात ठेवला.

"अगं बाई, किती आपुलकी," ती म्हणाली. "कसला ते विचारलंन! नाहीतर कोण विचारतं हल्ली?"

"दुसऱ्याच्या दुःखात नाक खुपसत नाही," ऐंशीच्या घरातली एक सभासद म्हणाली. "संस्कार लागतात त्याला."

"आणि मान कशी वाकडी केलीन, पाहिलंत ना? तो मनातून रडत होता."

असे एकाच उत्तराचे तीन पुरावे जागेवरच गोळा झाले. समितीने एकमताने एफ ठरवला आणि माल-जा म्हणाली, "अध्यक्षबाई, नोंद करा." इन-सुकने नोंद केली. पण शिक्का मारण्याआधी तिने ती नोंद पुन्हा वाचली. एकाच मजकुराच्या दोन अर्जांवर दोन वेगळे शेरे तिने आयुष्यात कधी मारले नव्हते.

घरी ताक-सू लसूण सोलत बसला होता. ती जाकीटही न काढता त्याच्यापुढे उभी राहिली.

"अहो, मन उदास होतं, म्हणून पाव घेऊन आले."

ताक-सूने तिच्या दोन्ही हातांकडे पाहिले. "कुठाय?"

हे उत्तर कुठल्याच तक्त्यात नव्हते.

"आज नाही आणला. मागे आणला होता, तेव्हा कसला म्हणून विचारलंत. का विचारलंत?"

त्याने आणखी दोन पाकळ्या सोलल्या. "लाल घेवड्याचं सारण असलं तर तुला जळजळतं."

"आणि?"

"क्रीमचा असला तर मला हवा होता."

"माझं मन उदास होतं. ते नाही विचारावंसं वाटलं?"

"ते तू सांगितलंस की. पावाचं सांगितलं नव्हतंस."

"तुम्ही टी आहात," ती म्हणाली.

"असेन." त्याने साले गोळा केली. "ताक-जिन गेला तेव्हा तू काय विचारलं होतंस?"

ताक-जिन त्याचा धाकटा भाऊ. त्याला जाऊन नऊ वर्षे झाली होती. इन-सुकला आठवेना, आपण रडलो असू असे तिला वाटले.

"मी दारात उभा राहून सांगितलं, ताक-जिन गेला," तो म्हणाला. "तू म्हणालीस, किती वाजता?"

इन-सुक खाली बसली. तिला लाज वाटली, इतकी की कानाच्या पाळ्या तापल्या. एकतीस वर्षांच्या सगळ्या रांगा खिडकीतून तिच्याकडे पाहू लागल्या.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"चार वाजून दहा मिनिटांनी."

"राग नाही आला माझा?"

"सगळे विचारत होते, कसं झालं, कसं झालं. ते मला सांगता येत नव्हतं." त्याने पुढचा गड्डा उचलला. "वेळ सांगता आली. बरं वाटलं."

त्या दिवशीचा वाक्यांचा कोटा त्याने केव्हाच ओलांडला होता. तिलाही काही बोलायचे होते, पण जे सुचत होते ते सगळे प्रश्नच होते. म्हणून तीही लसूण सोलायला लागली.

दो-हानच्या एकशे ऐंशी पुराव्यांच्या फाइलीमागे नवऱ्याच्या पुराव्यांचा एक कागद होता. रात्रीच्या जेवणाआधी तिने तो काढला, तिसऱ्या रकान्यात "किती वाजता?" असे लिहिले, आणि वर ताक-सूचे नाव खोडून आपले घातले. खणातला दोन पानी कागद तिने फाडला नाही. सरकारी नोकरीत मुरलेला माणूस कागद फाडत नाही. त्यावर तिने "प्रलंबित" असा शेरा मारला. एक मे येऊन गेला. किमचीचा फ्रीज आणि भाताचा कुकर अजून एकाच स्वयंपाकघरात आहेत.

यावरून इन-सुक शहाणी झाली असे कुणी समजू नये. पुढल्या महिन्यात मा दो-हानला वेळ मिळाला, त्याने स्वतः परीक्षा दिली आणि तो टी निघाला. समितीने तातडीची बैठक घेऊन ठराव केला की उमेदवाराने साठही उत्तरे एकाही पुराव्याविना दिलेली असल्याने तो स्वतःला पुरेसा ओळखत नाही, सबब समितीचाच निकाल कायम. ठरावाखाली शिक्का अध्यक्षबाईंचा आहे. पंखे एफ छापून आले असून वारा चांगला देतात.

समितीचा लौकिक पाहून आता बाहेरचे अर्जही येतात. वर ज्याचा स्वभाव ठरवायचा त्याचे नाव, खाली तीन पुरावे, असा साधा नमुना आहे. आजवर आलेल्या दोनशे सात अर्जांत नवरे एकशे अठरा, सुना बावन्न, साहेब एकतीस, गायक सहा. अर्जदार स्वतः, शून्य. आपलाही अर्ज पोचला आहे. वर पावाचे वाचता वाचताच आपण तो मनात भरून टाकलात. त्यातले नाव समिती गुप्त ठेवील. पुरावा मात्र आपण एकच जोडला आहे.