अळ्यांची पंगत

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि शाळेतले निबंध सोडले तर मी आजवर जे काही लिहिलं ते प्रयोगवहीत. तिथे साहित्य, कृती, निष्कर्ष अशी चौकट असते, त्यामुळे माणूस फार घसरत नाही. इथे चौकट नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं ते सुदामकाका कुठल्याच चौकटीत बसत नाहीत. तेव्हा चुका माझ्या समजाव्यात. एक मोठी चूक तर आधीच झालेली आहे, ती पुढे येईलच.

सुदामकाका म्हणजे आमच्या गावातले अळ्यांना जेवू घालणारे गृहस्थ.

गाव मूर्तिजापूरपासून जवळ. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये फक्त तुराट्यांचं कुंपण. ते भाजी लावतात, थोडा झेंडू लावतात, आणि विहिरीपलीकडच्या तुकड्यात कपाशी. कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटासोबत पूर्वी एक लहान पुडी यायची. पाकिटातलं बियाणं बोंडअळीला मारणारं, पुडीतलं साधं. साधं बियाणं वावराच्या कडेने पेरा, असं लिहिलेलं असायचं. आमच्या गावाची रीत अशी की पाकीट फोडायचं आणि पुडी बांधावर भिरकावून द्यायची. काका मात्र चष्मा पुसून पुडीवरचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचत आणि कडेने पाच ओळी साध्या कपाशीच्या पेरत. पुढे वेगळी पुडी यायची बंद झाली, तेव्हा काका साधं बियाणं हुडकायला अकोल्यापर्यंत जाऊन आले. त्या पाच ओळींवर औषधाचा एक थेंब पडू देत नाहीत. फवारा मारताना वारा तिकडे फिरला तर पंप बंद करून बसून राहतात.

“सुदामभाऊ, पंगत उठली का?” रस्त्याने जाणारा कोणीही विचारतो.

“पाहून राहिलो,” काका म्हणतात.

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. जेवले का, पाहून राहिलो. पाऊस येईल का, पाहून राहिलो. कुणी मुद्दाम विचारलं, “काका, तुमचं लग्न झालं का?” तरी तेच. मग घरातून मंदाकाकूंचा आवाज येतो, “अजून पाहूनच राहिले का? चाळीस वर्षं झाली!”

मी अकरावीत असताना त्यांनी मला त्या ओळींपाशी उभं केलं होतं. मी सायन्स घेतल्यापासून ते मला कॉलेजच म्हणतात.

“ये कॉलेज, इकडं ये. अळ्या काय साऱ्या सारख्या असतात? एखादी जन्मापासूनच पक्की असते. तिले औषध लागत नाही. तू बाकीच्या साऱ्या मारल्या, का ते एकटी उरते. मंग वावर तिचं अन तिच्या लेकराईचं. म्हणून थोड्या कच्च्या अळ्या जगू द्या लागते. पक्कीची सोयरीक कच्चीशी झाली, का लेकरं कच्ची निंगतात.”

“मग तुमच्या वावरात अळी कमी असते का?”

“एकट्यानं पंगत घालून का होते रे? साऱ्या गावानं घातली पाह्यजे.”

नंतर बी.एस्सी.ला अमरावतीला गेल्यावर हाच धडा मला पुस्तकात भेटला. आमच्या वर्गातल्या कोणाला तो माझ्याइतका लवकर समजला नाही. मी काकांचं नाव घेतलं नाही. लाज वाटली असावी. आज त्या लाजेची लाज वाटते.

मंदाकाकूंच्या छातीत गाठ निघाली तेव्हा मी पहिल्या वर्षाला होतो. अकोल्याला ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, पुन्हा आले. काकू सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायला बसू लागल्या. आणि वर्षभरात गाठ परत आली, या वेळी यकृतात. डॉक्टर मॅडमनी काकांना स्पष्ट सांगितलं होतं की आता ती पूर्ण जाईल अशी आशा धरू नका. पण थोपवता येते का, ते बघू.

त्या शनिवारी मी गावी आलो तर काका कुंपणापाशी उभेच.

“कॉलेज, ते गाठ म्हणजे का असते, सांग. मॅडम चांगली हाये, पण मांगं मोठी लाइन असते. अन औषधानं मेली होती तर वापस कशी आली?”

मला येत नव्हतं. तसं म्हणायचं धाडस झालं नाही. “पुढच्या शनिवारी सांगतो,” म्हणालो आणि आठवडाभर कॉलेजच्या ग्रंथालयात बसलो. इतका अभ्यास मी परीक्षेसाठीही केला नव्हता.

पुढच्या शनिवारी आम्ही विहिरीच्या ओट्यावर बसलो. मी सांगितलं की गाठ बाहेरून येत नाही. आपल्याच शरीरातली एखादी पेशी नियम मोडते, वाढत सुटते. वाढताना तिच्या पोरी एकसारख्या राहत नाहीत, प्रत्येकीत थोडा बदल होतो. औषध दिलं की पुष्कळ मरतात. पण एखादीत असा बदल असतो की...

“पक्की,” काका म्हणाले.

“हो. आणि बाकीच्या मेल्या की...”

“वावर तिचं.” त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “म्हणजे बोंडअळीच ना बाप्पा! मंग कच्च्या थोड्या ठेवून सोयरीक लावून द्या.”

“काका, पेशींची सोयरीक होत नसते. एकीच्याच दोन होतात.”

ते हिरमुसले. असे हिरमुसले की जणू मीच ते स्थळ मोडलं. मग थोड्या वेळाने हळूच विचारलं, “सोयरीक नसो. शेजार तर असते? जागेसाठी, खाण्यासाठी भांडत तर असतील?”

मी वही उघडली. होतं तसं. कच्च्या पेशी जिवंत असतील तर त्या पक्क्यांना जागा आणि अन्न सुखाने मिळू देत नाहीत, असा विचार काही डॉक्टर करून पाहत आहेत, एवढं मी उतरवून आणलं होतं. मूर्तिजापूरच्या अलीकडच्या एका विहिरीवर बसून हा माणूस तिथवर आपल्या पायांनी पोचला होता.

“अन खाते काय ते?”

इथे माझी चूक सुरू होते.

मी उत्साहात होतो. म्हणालो, चांगली पेशी साखर घेते आणि हवेच्या मदतीने पूर्ण जाळते. गाठीतल्या पुष्कळ पेशी हवा असूनही तसं करत नाहीत. साखर भसाभस ओढतात, अर्धवट वापरतात, त्यातून नव्या पेशी बांधायचा माल काढतात आणि उरलेलं आम्ल बाहेर टाकतात. त्या आम्लाने शेजारच्या चांगल्या पेशी मरतात, मधली भिंत झिजते, आणि गाठ पुढे सरकते.

“म्हणजे ओली पऱ्हाटी जाळते अन धूर शेजाऱ्याच्या घरात सोडते,” काका म्हणाले. “शेजारी खोकून खोकून उठून गेला, का धुरा कोरते. दरसाल एक तास.”

आमच्याकडे कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी आणि बांधाला धुरा म्हणतात, आणि नांगराचं एकेक तास सरकवत शेजाऱ्याचा धुरा कोरणं यावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं आहे. कॅन्सर कसा पसरतो हे मला इतक्या थोडक्यात कुणीही सांगितलं नव्हतं. मी ते लिहून घेत होतो. लिहून वर पाहिलं तर काका उठून गेलेले. “पण काका, याचा अर्थ असा नाही की...” हे माझं वाक्य विहिरीने ऐकलं.

पुढचे दोन शनिवार माझी प्रॅक्टिकल होती. तिसऱ्या शनिवारी आलो तेव्हा काकांच्या घरातून साखर हद्दपार झाली होती. गूळ नाही, भात नाही, केळं नाही, संत्रं नाही. साखरेचा डबा त्यांनी आमच्या आईकडे आणून ठेवला होता, आणि आई तो अमानत म्हणून उघडतही नव्हती. त्यांचे जावई परतवाड्याहून सासूला भेटायला आले, तर त्यांना फिक्का चहा. जावयांनी एक घोट घेतला, कपाकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं.

“मामाजी, काही चुकलं का आमचं?”

“तुमचं नाही. ते साखर खाते.”

“कोण?”

“गाठ. कॉलेजनं सांगतलं.”

जावई दुसऱ्या दिवशी सकाळचीच बस पकडून गेले आणि परतवाड्यात माझी कीर्ती पसरली.

हे सगळं ऐकताना मी हसलो असतो. पण काकू आतून आल्या आणि त्यांच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या दिसल्या.

“बापू,” त्या मला म्हणाल्या, “तुह्या काकाले सांग, मले भूक लागते रे.”

मी सांगितलं. काका म्हणाले, “तिले नाही, त्या गाठीले लागते.” आणि तोंड फिरवलं.

सोमवारी अकोल्याला मीही गेलो. मॅडमनी काकूंना वजनकाट्यावर उभं केलं, आकडा पाहिला, पुन्हा उतरवून पुन्हा उभं केलं. “आज डोस देता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “एवढी ताकद नाही यांच्यात. घरी काय देता खायला?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग मीच सगळं सांगितलं. वाटलं, बाई मला हाकलून देतील. मागे लाइन होती. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“तू वाचलंस ते खोटं नाही,” त्या म्हणाल्या, “पण अर्धं आहे. तोंडाने साखर नाही दिली तरी शरीर ती स्वतः बनवतं. हातापायाचं मांस मोडून बनवतं. गाठ आपला वाटा घेतेच. काका, गाठ उपाशी नाही राहिली. काकू राहिल्या.”

काका उभे होते ते हळूच स्टुलावर बसले. “म्हणजे तण मारायले मी पिकाचंच पाणी तोडलं,” ते म्हणाले.

मॅडमनी पेन पुन्हा उचललं. मला वाटलं आता संपलं. पण काकांनी टोपी काढली, आणि त्या गर्दीत, मागचा माणूस खाकरत असताना, पाच ओळी, कच्च्या अळ्या, पक्क्या अळ्या, सोयरीक होत नाही पण शेजार होते, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “साऱ्या मारायच्या मांगं नका लागू, मॅडम. थोपवा. ते राहो, अन हे बी राहो.”

मॅडम हसल्या नाहीत. “असा विचार करणारे डॉक्टर आहेत, काका. पण कुठल्या गाठीला कधी थांबायचं, हे वावरावरून नाही ठरवता येत. यांचं मी ठरवीन. तुम्ही यांना खाऊ घाला. भात, वरण, अंडं चालत असेल तर अंडं, गोड चहा. दोन आठवड्यांनी या.”

परतीच्या एसटीत काका खिडकीबाहेर पाहत होते. काकूंनी पिशवीतून केळं काढलं, अर्धं मला दिलं. “दोघं मिळून मारून राहिले होते मले,” त्या म्हणाल्या, आणि हसल्या. काका नाही हसले.

साखरेचा डबा आमच्याकडून परत गेला. काकूंच्या चहात आता काका स्वतः दोन चमचे घालायचे, ढवळायचे, आणि त्या संपवेपर्यंत समोर बसायचे. वजन थोडं वाढलं, डोस सुरू झाले. एकदा मी गेलो तर काकूंनी मला खूण केली आणि काकांच्या कपाकडे बोट दाखवलं. मी चव घेतली. फिक्का.

“तव्हापासून तोंडात गोड घातलं नाही त्यायनं,” काकू म्हणाल्या. “पोरीनं तिळाचे लाडू धाडले, तेही नाही.”

“काका, याने काही होत नसतं,” मी म्हणालो. “मॅडमनी सांगितलं ना.”

“मले माहीत हाये.”

“मग कधीपर्यंत?”

“पाहून राहिलो,” ते म्हणाले, आणि कप घेऊन उठून गेले.

माझे पेपर आणि काकूंचं स्कॅन एकाच आठवड्यात आलं. औषध अजून चालतंय की पक्क्या पेशींनी वावर घेतलं, ते त्यात कळणार होतं. मंगळवारी रिपोर्ट मिळायचा होता. मंगळवारी काकांचा फोन बंद. बुधवारी बंद. आईला विचारलं तर म्हणाली, घराला कुलूप आहे, अकोल्याहून थेट पोरीकडे गेले म्हणतात. थेट पोरीकडे का गेले असतील, याचा मी नको तेवढा विचार केला. गुरुवारचा पेपर कसा गेला ते विचारू नका. प्रश्न पेशींच्या श्वसनावर होता.

शुक्रवारी अनोळखी नंबरवरून फोन आला. “सुदामभाऊचा कॉलेज तूच का बे? मी परतवाडा गाडीचा कंडक्टर. स्टँडवर ये, डबा हाये तुह्या नावाचा.”

स्टीलचा डबा, वरून गमछा बांधलेला. स्टँडवरच्या बाकावर बसून उघडला. आत शिरा होता, वर बदामाचे काप. झाकणाच्या आत कॅलेंडरच्या पानाची घडी, मागे काकांचं गोल गोल अक्षर.

“चि. कॉलेज यास. फोनचं चार्जर घरी राहिलं. गाठ गेली नाही. वाढलीबी नाही. मॅडम म्हणे धुऱ्यापाशीच हाये, धुरा तुटला नाही. आता तीन महिन्यानं पाहू म्हणे. मी म्हणलो मले सवय हाये. जावयाच्या घरी चहाचं जरा उधारीचं होतं म्हणून ते फेडायले आलो. शिरा तुह्या काकूनं केला, चुलीपाशी सोता उभी राहून. मी एक वाटी खाल्ला.”

‘एक’वर काट मारून वर ‘तीन’ लिहिलं होतं.