सासूचा ताबा

लग्न संमतीने मोडायचं तर आधी नवरा-बायकोचं एकमत व्हावं लागतं. कायद्याची ही अट अत्यंत शहाणपणाची आहे. तिच्यामुळे कित्येक जोडप्यांना एकमताचा अनुभव निदान एकदा तरी येतो.

ग्रंथपालबाईंना तो लग्नाच्या एकविसाव्या वर्षी आला. नवरा चष्म्यांचा दुकानदार. भांडण नव्हतं, मारझोड नव्हती. चार वर्षं अबोला होता, तोही नीटनेटका. "आई, यांना सांगा, जेवायला वाढलंय." "आई, तिला सांग, भूक नाही." आई म्हणजे सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर. मधल्या खुर्चीत बसून त्या दोन्हीकडचे निरोप पोचवीत (आणि वाटेत थोडे गोड करीत).

वकीलबाईंनी दोन वाटा समजावल्या. पहिली, एकट्याचा अर्ज. त्यात समोरच्याचा दोष सिद्ध करायचा, साक्षीदार आणायचे. वर्षं जातात आणि संसारात कळलं नाही इतकं एकमेकांविषयी कळतं. दुसरी, संमतीचा जोडअर्ज. घर, सामान, पोटगी, मुलांचा ताबा सगळं आधी ठरवायचं आणि न्यायाधीशांपुढे 'हो' म्हणायचं. मध्ये विचार करायला सहा महिने मिळतात. (लग्नाआधी इतके कोणी देत नाही.)

दोघांनी दुसरी वाट धरली. कपाट त्याचं, पुस्तकं तिची, पोटगी नको, मूल नाही. अर्ध्या तासात दहा रकाने भरले.

"आणि आई माझ्याकडे राहतील," बाई म्हणाल्या.

"आई माझी आहे." चार वर्षांतलं चष्मेवाल्याचं हे पहिलं थेट वाक्य.

"मग त्यांची गुडघ्याची गोळी कुठली, सांगा."

चष्मेवाल्याने वकीलबाईंकडे पाहिलं. वकीलबाईंनी फाइलमध्ये पाहिलं. त्यांच्या सत्तावीस वर्षांच्या वकिलीत सासू नको म्हणून आलेल्या सुना दोनशे चौदा. सासू हवी म्हणून आलेली, एक. त्यांनी जड मनाने कायदा सांगितला. ताबा फक्त अठराच्या आतल्यांचा मागता येतो. शिवाय हुकूम झाला की सासू ही सुनेची कोणी लागत नाही.

बाईंचा पाय तिथे अडखळला. नवऱ्यावाचून राहायची त्यांची तयारी होती, चार वर्षांचा सराव होता. पण दुपारच्या चहाला समोर कोणी नसेल, हे त्यांनी हिशेबात धरलंच नव्हतं.

"मी अर्ज मागे घेते," त्या सासूबाईंना म्हणाल्या.

"सासूसाठी संसार मीही केला. एका घरात एकीने केला तेवढा पुरे," सासूबाई म्हणाल्या. "आणि मला कुठे राहायचंय, ते कोणी विचारलंय का?"

विचारलं नव्हतं. तसा रकानाच नव्हता. शेवटी न्यायाधीशांनी विचारलं.

"सुनेकडे," सासूबाई म्हणाल्या. "मुलगा वाईट नाही. पण माझ्याशी तो हिच्यासाठीचे निरोपच तेवढे बोलतो. आता तेही बंद होतील."

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

मग दोघांच्या संमतीने अर्जात अकरावं कलम आलं: 'अर्जदार क्रमांक एक यांची आई अर्जदार क्रमांक दोन यांच्याकडे राहील. अर्जदार क्रमांक एक यांना दर रविवारी चार ते सहा भेटीचा हक्क राहील. भेटीत मोबाइल बंद ठेवावा.'

घटस्फोट झाला. चष्मेवाला दर रविवारी चारच्या ठोक्याला बेल वाजवतो. पहिल्या तीन महिन्यांत त्याला समजलं की आईला गोड चहा कधीच आवडत नव्हता, आणि टपालखात्याच्या परीक्षेत ती पहिली आली होती.

आठवड्याला दोन तास, मोबाइल बंद ठेवून, आईशी बोलणं. बिचाऱ्याला हे कोर्टाच्या हुकमाने करावं लागतं. आपल्याला अर्थातच हुकमाची गरज नाही. आपली आई आपल्याच घरात असते, पलीकडच्या खोलीत.