मी बूटलोडर बदलतो

आमच्या घरातला संगणक म्हातारा झालाय, हे मला मान्य आहे. तो भंगार झालाय, हे मात्र मी मरेपर्यंत मान्य करणार नाही! भंगार हे मत माझ्या मेव्हण्याचं. त्याचं संगणकांचं दुकान आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या घरातली चालती वस्तू त्याला बघवत नाही.

"भाऊजी, टाकून द्या तो. सुरू व्हायला किती वेळ घेतो! बूटलोडरच जुनाट आहे त्याचा."

बूटलोडर म्हणजे संगणक चालू केला की सगळ्यात आधी जागा होऊन बाकीच्यांना हलवून उठवणारा एक छोटासा प्रोग्राम. आमच्याकडे माणसांच्या बाबतीत हे काम बायको करते, त्यामुळे मला त्याचं महत्त्व लगेच पटलं. पण उठवणारा थकला म्हणून कोणी घर पाडतं का? उठवणारा बदलायचा! आणि तो मी बदलणार होतो. स्वतः!

"आजच कशाला?" बायको म्हणाली. "संध्याकाळी हॉटेलवाले शर्ट न्यायला येतील. खिशांवरची सगळी डिझाइनं संगणकातच आहेत."

बायको भरतकामाच्या ऑर्डरी घेते. नक्षी संगणक सांगतो, टाके मशीन घालतं. एवढी मोठी ऑर्डर तिला पहिल्यांदाच मिळाली होती.

"तू दोरे ओवेपर्यंत माझं काम उरकतं!" मी म्हणालो.

आणि उरकतच आलं होतं! पडद्यावर पाटी आली, 'काम चालू आहे, संगणक बंद करू नका.' असा क्षण एकट्याने काय बघायचा? बायकोला साक्षीदार म्हणून बोलवायला मी स्वयंपाकघराकडे धावलो. मागे खोलीत उरले पेपर वाचत बसलेले सासरे. पेपर संपला, तेही उठले.

आमच्या घरात एक कायदा आहे. खोलीतून शेवटी निघेल त्याने बोर्डावरची सगळी बटणं बंद करायची. कायदा माझाच. त्यावरून मी सासऱ्यांना एकदा पाहुण्यांदेखत बोललो होतो. तेव्हापासून ते तो सूड घेतल्यासारखा पाळतात.

"बाबा! पडदा चालू दिसला नाही का तुम्हाला?"

"दिसला ना, जावईबापू! म्हणूनच बंद केला. पंखासुद्धा केलाय."

मी बटण दाबलं. काळाकुट्ट पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक पांढरी रेघ. बाकी काही नाही.

"काय झालं हो?" बायकोने विचारलं.

"विचार करतोय."

"कसला?"

"नवीन आहे, रुळायला वेळ लागणारच!"

बायकोने शर्टांच्या ढिगाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. मला खरंच फार वाईट वाटलं. पण लगेच तिने भावाला फोन लावला, आणि माझं वाईट वाटणं जागच्या जागी थांबलं.

मेव्हणा लॅपटॉप घेऊन आला. त्याने आमच्या संगणकाची डिस्क काढली आणि वायरने लॅपटॉपला जोडली. "आता हिच्यावर नवा बूटलोडर लिहिला की झालं."

"लिहिणार मी!" मी आडवा आलो. "माझ्या संगणकाला परका हात लागणार नाही!"

"अहो!" बायको ओरडली.

"करू दे त्यांना," मेव्हणा हताशपणे म्हणाला.

पडद्याने विचारलं, कोणत्या डिस्कवर लिहू? खाली दोन नावं. मी बाणेदारपणे पहिलं दाबलं.

"भाऊजी, तो माझा लॅपटॉप आहे!"

त्याने घाईघाईने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. काळाकुट्ट पडदा, पांढरी रेघ. सासऱ्यांनी दारातून डोकावून विचारलं, "हाही विचार करतोय वाटतं?"

खोटं कशाला बोलू, मला जरा बरं वाटलं. घ्या! नव्याकोऱ्या यंत्राचीही तीच गत झाली की नाही?

मेव्हण्याने निमूटपणे बॅगेतून पेनड्राइव्ह काढला आणि त्याच्यावरून आधी आपला लॅपटॉप जागेवर आणला. मग आमची डिस्क. या वेळी बायको माझा हात घट्ट धरून शेजारी बसली होती. बघणाऱ्याला ते प्रेमच वाटलं असतं. नाव मेव्हण्याने वाचलं, बोट बायकोने नेलं, बटण मात्र मीच दाबलं!

डिस्क परत बसवली, आणि काय सांगू, पंख्याने गती घ्यायच्या आत आमचा म्हातारा उठून बसला!

"भाऊजी, पळतोय की हा!" मेव्हण्याच्या तोंडून निघून गेलं.

"पळणारच होता!" मी म्हणालो.

मशीन खडखडू लागलं. सासरे दोरे कापायला बसले, मेव्हणा घड्या घालू लागला, मला नुसतं बसायला सांगण्यात आलं. हॉटेलची गाडी दारात आली तेव्हा शेवटच्या शर्टाची घडी पडत होती.

गाडी गेली, तरी मशीन पुन्हा सुरू झालं.

"आता काय राहिलं?" मी विचारलं.

"एक छोटंसं काम," बायको म्हणाली.

तेव्हापासून आमच्या संगणकावर एक सुंदर कापडी झाकण असतं. कडेने वेलबुट्टी आणि मधोमध लाल रेशमात ठसठशीत अक्षरं, 'आमच्या ह्यांनी हात लावू नये.'

येणारा-जाणारा ते वाचतो आणि माझ्याकडे बघतो. बघू दे! हे भरतकाम ज्या संगणकावर झालं त्याचा बूटलोडर मी स्वतः बदललाय, हे मी प्रत्येकाला ताठ मानेने सांगतो. सांगताना हात तेवढे पाठीमागे ठेवतो.