सुपडाआबांच्या घरातली 'ती'

"हळू बोल बे. आत्ताच तेल लावून निजवलं तिले."

सुपडाआबांच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस हे ऐकून आवाज खाली आणतो, चपला हातात घेतो आणि आत कोण आजारी आहे म्हणून हळूच विचारतो. आजारी कोणीच नसतं. आत कपाटात, सुती धोतरात गुंडाळलेली, आबांच्या आजोबांच्या वेळची शिकारीची दुनळी बंदूक असते. ती उभ्यानंच निजते, नळीचं तोंड खाली करून. उलटी ठेवली तर तेल दस्त्यात उतरतं आणि लाकूड खराब होतं.

मी शेजारचा शिंपी. शिलाईमशीनचं तेल आणि चिंध्या माझ्याकडूनच जायच्या. चिंधीसुद्धा कोणतीही चालायची नाही. "टेरीकॉट नको देऊ बे, सुती दे. टेरीकॉट तिले सोसत नाही." तिला घामाचा हात सोसत नाही, चामड्याची पिशवी सोसत नाही, पावसाळी हवा तर मुळीच सोसत नाही. आबांनी स्वतःच्या गुडघ्यांना कधी एवढं जपलं नाही.

शिकार कधीच बंद झाली. परवाना उरला तो पिकाच्या राखणीचा. आता ती राखणही ऐका. मक्यात रानडुकरं शिरली की आबा मचाणावर बंदूक मांडीवर घेऊन बसायचे आणि तोंडानं "हाऽड! हाऽड!" ओरडायचे. डुकरं पोटभर मका खाऊन सावकाश निघून जायची.

"आबा, हवेत एक बार तरी काढा ना," मी म्हटलं.

"बार काढला का नळी काळी पडते ना बे!"

आबांचा जीव जायचा तो निवडणुकीत. परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. गावात लोक गुलाल आणि जेवणावळीची वाट पाहायचे, आबा एकटेच निकालाची वाट पाहायचे. कोण का निवडून येईना, ती घरी यावी.

मागच्या वेळी नवरात्र नेमकं आचारसंहितेत आलं. खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रपूजा झाली. पूजेचं काम एका नव्या शिपायाकडे होतं. पोरगा मोठा भाविक. सरकारी बंदुकांची पूजा झाल्यावर त्याला वाटलं, लोकांच्या जमा बंदुकांनी तरी काय पाप केलं? त्यानं त्यांनाही हळदकुंकू वाहिलं, पाणी शिंपडलं आणि एकेका नळीत झेंडूचं ओलं फूल देठासकट खोचलं. मग बंदुका परत खोलीत गेल्या, त्या निकालानंतरच बाहेर निघाल्या.

आबांनी बंदूक घेतली, बिजागरीत उघडून नळ्या उजेडाकडे धरल्या. उजेड काही दिसेना. गजानं ढोसल्यावर कुजक्या फुलाचा काळा लगदा पडला आणि मागून गंजाचा भुगा. शिपायाचं तोंड एवढंसं झालं.

"तू पूजा केली बापा," आबा म्हणाले. "तुह्यावर काऊन राग धरू?" आणि तिथंच पायरीवर बसले.

मग घासणं सुरू झालं. माझं तेल संपलं, चिंध्या संपल्या, शेवटी आबांनी नेसतं धोतर फाडलं. अकोल्याच्या कारागिरानं नळीत एकदाच डोकावून पाहिलं. "बाबा, गंजानं आतून खाल्ली हिले. बार काढाल तर हातात फुटंन. आता नाद सोडा."

परवान्याची मुदतही संपत आली होती. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, "देऊन टाका ना बाबा. काय करायचंय तिचं?"

आबांनी फोन माझ्या हाती दिला. "याले सांग, डुकरं येतात म्हणा." मी सांगितलं. तिकडून फक्त हसू ऐकू आलं.

शेवटी मीच त्यांना ठाण्यात घेऊन गेलो. साहेब म्हणाले, "कायमची जमा करायची ना?"

"जमा म्हंजे परत भेटते ना?" आबांनी मला विचारलं.

"नाही आबा. ही आता मोडीत जाईल."

आबा त्याच पूजेवाल्या शिपायाकडे वळून म्हणाले, "तोवर कोरड्यात ठिवजा तिले."

परतताना एसटीत खिडकीशी बसून आबा बोलायला लागले.

"आमची म्हातारी खाटेवर होती, तवा रोज संध्याकायी तिच्या हातापायाले तेल चोयत होतो. ती गेली. पन संध्याकाय झाली का हे हात आपोआपच तेलाची बाटली हुडकत. मंग कपाटातून हिले बाहेर काढलं."

आबांच्या बायकोच्या अंगावरून वारं गेलं होतं, त्यांनीच तिचं सगळं केलं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पुढचं मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

"घरात कोनाचं तरी करा लागते ना बे," असं म्हणून आबांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. "आता सांग टेलर, हे कुठं ठिवू?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. कपाशीच्या वावरांवरून ऊन उतरत होतं. गावात पोचेपर्यंत संध्याकाळ होणार होती.