अंदमानचा आयता आठवडा

नियोजन कसं करावं ते माझ्याकडून शिकावं! आर्णीत बसून अंदमानच्या सात दिवसांचा बेत मी असा चोख आखला होता, की भरती-ओहोटीनंही आधी मला विचारलं असतं. पहिल्या दिवशी झोप. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर झोप. तिसऱ्या दिवशी बोटीत झोप! आमची चिमी अडीच वर्षांची. तिच्या दुपारच्या डुलकीत महिनाभर खपून केलेलं काम हे. दुसऱ्या कुणी लाटलेली गरम पोळी मी शेवटची कधी खाल्ली, ते आता आठवतही नाही. मला सूर्यास्त नको होता, शंख-शिंपले नको होते. सात दिवस कुणीतरी आयतं ताट समोर ठेवावं, बस्स!

अडचण एकच. सासूबाई.

"आईले तू सांग," गोपाल म्हणाला. माझा हा नवरा कृषी केंद्रात दिवसभर फवारणीचं औषध ठणकावून समजावतो, पण आईसमोर भिजलेल्या कापसासारखा होतो.

"आई तुमची आहे!"

"म्हणूनच तं!"

मग मी शक्कल लढवली. सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. शेजारी बसून मीही चार सोलल्या आणि हळूच म्हटलं, "आई, चिमीच्या तापात मी समुद्रस्नानाचा नवस बोलले होते. फेडून येऊ म्हणते. जरा दूर आहे, बेटावर. सात दिवस लागतील."

सासूबाईंचे हात थांबले. डोळे पाणावले. "यात्रा हाय म्हन ना मंग! जाय माय, जाय!"

झालं की काम! आतल्या खोलीत जाऊन मी चिमीला घेऊन दोन गिरक्या मारल्या.

एक गोष्ट मात्र मी विसरले. आमच्याकडं यात्रेला माणूस एकटा जात नाही, अख्ख्या गल्लीचे नारळ घेऊन जातो!

संध्याकाळीच शेजारच्या पुष्पाकाकू हळदकुंकू लावलेला नारळ घेऊन हजर. "निकिता, आमच्या नावानं एक सोडजो वं समुद्रात." त्यांच्या मागं त्यांची जाऊ. जावेच्या मागं अख्खं भजनी मंडळ. तिसऱ्या दिवशी घरात एकेचाळीस नारळ! दिवाणाखाली नारळ, कूलरमध्ये नारळ. चिमी तर ढिगावर चढून दूध प्यायला लागली.

गोपालनं ते वजनकाट्यावर चढवले आणि कपाळाला हात लावला. "विमानात मानशी पंधरा किलो. नारळ नेले तं कपडे नाई, कपडे नेले तं नारळ नाई!" मग सारा धीर गोळा करून म्हणाला, "आई, तिथं नारळाचीच झाडं हायेत. तिथंच घेऊ ना."

"पुष्पाचा नारळ तो पुष्पाचा! तिथल्या झाडाले पुष्पा मालूम हाय काय?"

तेवढ्यात वर्षातून दोनदा बोलणारे आमचे सासरे, सदाशिवराव, यंदाचं पहिलं वाक्य बोलले. "यात्रा आधी बुढ्या मानसानं कराव. आमी घरी अन् लेकरं तीर्थाले? लोकं काय म्हनन?"

"खरं हाय जी," सासूबाई हळूच म्हणाल्या. "पन नवस निकिताचा हाय." आणि माझ्याकडं बघायला लागल्या. फुगेवाला दिसला की चिमी अशीच बघते. मागत नाही, नुसती बघते. या बाईनं माहूरपलीकडं काही पाहिलेलं नाही, हे मला नेमकं तेव्हाच आठवायचं होतं!

"माझ्या नावानं तुम्ही फेडला तरी चालतो की, आई." हे कोण बोललं? मीच!

गोपालनं आमची तिकिटं रद्द करून त्यांची काढली. इतक्या चपळाईनं तो माझं कुठलंही काम करत नाही. बॅगा नारळांनीच भरल्या, कपडे दोघांचे दोन-दोनच गेले.

मग रोज व्हिडिओ कॉल. पहिल्या दिवशी सासरे एकेकाचं नाव पुकारून नारळ सोडताना. दुसऱ्या दिवशी सासूबाई, "निकिता, सकाळी टेबलावर सारं आयतंच राह्यते वं! ताटली उचलाले गेली तं उचलूही देत नाई!" चौथ्या दिवशी सासूबाई किनाऱ्यावर, खुर्चीत आडव्या, डोळ्यांवर काळा चष्मा. मागून सासऱ्यांचा आवाज, "हे कालपासून उठूनच नाई राह्यली!"

इकडं मी एकेचाळीस घरांची डाळ निवडत होते. कारण यात्रेहून आल्यावर मावंदं घालावं लागतं. ज्यानं नारळ दिला त्याला पुरणपोळीचं जेवण! यात्रा कुणीही करो, पोळ्या लाटायला मी घरचीच होते.

मावंद्याच्या दिवशी सासूबाई माझ्या शेजारी पोळ्या लाटायला बसल्या. चेहरा तुकतुकीत. दोन पोळ्या झाल्यावर म्हणाल्या, "निकिता, तिथं नवस फेडाले आलेलं कोनी दिसलं नाई वं. लोकं नुसते पडून राह्यते."

माझा धीर सुटला. "आई, नवसबिवस काही नव्हता. मला फक्त झोपायचं होतं. आयतं खायचं होतं."

सासूबाईंचं लाटणं थांबलं. "मंग खोटं कायले बोलली? मी काय नाई म्हनलं असतं? दिवाळीपासून गोपालच्या मागं लागली हावो मी, निकिताले कुठी तरी घेऊन जाय, पार वाळून गेली थे!"

मी वळून दाराकडं पाहिलं. वरणाची बादली भरायला आलेला गोपाल ती तशीच रिकामी घेऊन पंगतीकडं पळाला होता, आणि मोठ्यांदा विचारत होता, "वरण कोनाले पाह्यजे?"