दशकातली मालिका आणि डावा कान

चिंतामणरावांना परीक्षक करायचं ठरलं, ते त्यांना मालिकांतलं ओ की ठो कळत नाही म्हणून. इंदिरानगरातल्या त्यांच्या सोसायटीत थर्टी फर्स्टला वर्षातली आणि दशकातली सर्वोत्कृष्ट मालिका निवडायची होती, आणि दशकावरून बायकांत चांगलीच जुंपली होती.

"आमच्या ह्यांना करा," त्यांच्या पत्नी लतिकाबाई म्हणाल्या. "टीव्ही लागला की ह्यांचं पेपरात डोकं. शिवाय डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणजे कुणी कान भरायलाही नको."

टीव्ही आणि स्वयंपाकघर, दोन्ही चिंतामणरावांच्या सोफ्याच्या डाव्या हाताला. दहा वर्षांपूर्वी एकदा "अहो, गिरणीत जाऊन या" हे ऐकू न आल्याचा त्यांना फार आराम पडला, आणि तेव्हापासून तो कान गेला तो गेलाच. (परीक्षक व्हायला नको म्हणावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण परीक्षकाला शाल मिळणार होती.)

कार्यक्रमात सेक्रेटरी मृण्मयीनं एका मालिकेची बाजू मांडली. "ह्यातल्या सुनेची स्मृती दोनदा गेली, तरी तिनं सासर सोडलं नाही!"

"तीनदा," चिंतामणराव म्हणाले.

सगळ्या वळून बघायला लागल्या. इथं थांबायला हवं होतं, पण माणूस पेटला होता. "तिसऱ्यांदा मंगळागौरीत गेली. आणि सासऱ्याचा नट बदलला, तेव्हापासून त्यात राम नाही उरला. आवाजच वेगळा! दशकातली मालिका एकच, ती जुळ्या वकिलांची."

"पण काका, तुम्ही तर पेपर वाचत असता ना?" मृण्मयीनं विचारलं.

"पेपर डोळ्यांनी वाचतात. कान मोकळेच असतात की!"

डावीकडून, पार शेवटच्या रांगेतून, लतिकाबाईंनी हळूच विचारलं, "अहो, डावासुद्धा?"

"डावासुद्धा," ते बोलून गेले.

घरी आल्यावर लतिकाबाई ओरडल्या नाहीत. "तुमचा कान बरा होईपर्यंत मिसळ खाणार नाही, असं वणीच्या देवीला बोलले होते मी," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

नाशकात राहून दहा वर्षं मिसळ नाही! आणि हे दर रविवारी मित्रांबरोबर जास्तीचा रस्सा मागून हाणत होते. चिंतामणरावांना स्वतःची मनापासून लाज वाटली. सकाळी ते डबा घेऊन स्वतः गेले, तर्री वेगळी बांधून आणली. लतिकाबाईंनी डोळे मिटून पहिला घास घेतला, नाक पुसलं, आणि थोड्या निवल्यासारख्या वाटल्या.

"भांडी," त्या पुटपुटल्या. अगदी ओठातल्या ओठात.

चिंतामणराव निमूट उठले.

रात्रीची भांडीही त्यांच्याकडेच आली. परीक्षकाची शाल सावरत ते घासत होते, आणि इकडे जुळे वकील कोर्टात समोरासमोर उभे राहिले. नेमका नळ सुरू! धाकटा काहीतरी म्हणाला आणि वरचं संगीत धडाडलं.

"अगं, काय म्हणाला गं तो?" चिंतामणरावांनी कळवळून विचारलं.

लतिकाबाईंनी शांतपणे पेपर उचलला आणि तोंडासमोर धरला.