नानांचा साडेचार कोटी वर्षांचा दात

तर मुलांनो, एका जंगलात, बरं का, एक टार्सियर राहायचा. टार्सियर म्हणजे कोण? अरे, मुठीत मावेल एवढं माकडांचं लांबचं भावंड! एकेक डोळा मेंदूएवढा. डोळे फिरतच नाहीत, म्हणून गडी सरळ मानच मागे फिरवतो. सगळे त्याला बटूनाना म्हणायचे.

एक दिवस जंगलात नियम निघाला. ज्याच्या पूर्वजांची हाडं सापडतील, त्यालाच झाड. बाकीच्यांनी आठ दिवसांत चालतं व्हायचं.

नानांचं टेन्शन बघा ना! बायकोचे दिवस भरलेले. बांबूचं बेट सोडून जायचं कुठे?

पडताळणी समितीचे अध्यक्ष होते हुप्पेसाहेब वानर. स्वतःच्या झाडासाठी त्यांनी पुरावा स्वतःच्याच समोर ठेवला. एक कवटी. त्यांच्याशी जराही न जुळणारी.

"बघा, काय होतो आणि काय झालो! याला म्हणतात उत्क्रांती!"

मंजूर. टाळ्याही स्वतःच वाजवल्या.

मग नाना आले. त्यांच्याकडे फक्त एक दात, खडकात रुतलेला. पण साडेचार कोटी वर्षं जुना!

साहेबांनी दात बघितला. मग नानांचा जबडा उघडून बघितला.

"नाना, लाज वाटते का? हा तर तुमचाच दात!"

"अहो, तेच तर सांगतोय! आम्ही बदललोच नाही. माझे सगळे जागेवर आहेत, मोजा की."

साहेबांनी मोजले. चौतीस. एकही कमी नाही.

"मग वहिनींचा पाडला असेल."

"तिच्या तोंडात बोट घालून बघा. परत मिळालं तर सांगा."

साहेब भडकले. "पूर्वज म्हणजे जो आता नाही तो! तुम्ही तर अजून आहात, सेम टू सेम! एक तर बदलून या, नाहीतर मेल्यावर या. लगेच सही करतो."

नानांनी मान गर्रकन मागे फिरवली. बेटात बायको नुकत्याच झालेल्या बाळाला चाटत होती. बाळाचे डोळे? मेंदूएवढे!

"साहेब," नाना म्हणाले, "या पिढीतही जमलं नाही हो."

आठव्या दिवशी बाळाला घेऊन दोघं निघाले. दात समितीने ठेवून घेतला. बेटात लगेच त्याचं स्मारक झालं, उद्घाटन अर्थात हुप्पेसाहेबांच्या हस्ते. नाना पुढे उड्या मारत होते आणि मान मागे करून पाटी वाचत होते : 'येथे आपले थोर पूर्वज राहत असत. आत येण्यास सक्त मनाई.'

तात्पर्य : जुनं ते सोनं, हे अगदी खरं आहे मुलांनो. फक्त आधी स्वतःला नीट गाडून घ्यावं लागतं.